गावच्या शाळेसाठी लोकवर्गणी: मोजणीपासून हिशेबाच्या फळ्यापर्यंत

आमच्या जिल्हा परिषद शाळेसाठी पहिल्यांदा वर्गणी काढली त्या वर्षी ३८ हजार रुपये जमले आणि त्यातून फाटकावर कमान उभी राहिली. कमानीवर देणगीदारांची नावं आली, नारळ फुटला, फोटो निघाले. मार्चमध्ये मात्र मुली घरून पाण्याच्या बाटल्या आणत होत्या, कारण टाकीचा नळ सहा महिने गळका होता आणि स्वच्छतागृहात पाणीच नव्हतं. कुणी पैसे खाल्ले नव्हते. आम्ही घरोघर जाऊन 'शाळेसाठी द्या' म्हणालो होतो आणि शाळेला नेमकं काय हवंय ते आमचं आम्हालाच ठरवता आलं नव्हतं. मग बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याच्या मनातलं काम झालं.

दुसऱ्या वर्षी लोकांनी दार उघडलं, चहा दिला, पण खिशात हात घातला नाही. तो विश्वास परत यायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. आमची शाळा पहिली ते पाचवी, पट शंभराच्या आत. तुमची शाळा शहरातली महापालिकेची असली तरी यातलं बरंच लागू पडेल.

आधी जे हक्काचं आहे ते मागा

वर्गणीची पावती छापण्याआधी मुख्याध्यापकांबरोबर एक दुपार बसा आणि सरकारकडून शाळेला काय येतं, त्यातलं काय आलंय, काय अडकलंय याची यादी करा. पाठ्यपुस्तकं, गणवेश, पोषण आहार या गोष्टी योजनेतून येतात. समग्र शिक्षा अभियानातून पटाप्रमाणे वार्षिक शाळा अनुदान मिळतं: ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. ही रक्कम मोठी नाही, पण झाडू, फिनेल, खडू, किरकोळ दुरुस्ती यांसाठी लोकांपुढे हात पसरायची गरज तिच्यामुळे बरीच कमी होते.

ग्रामपंचायतीकडेही जा. स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचं बंधन तिच्यावर आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती किंवा चाकाच्या खुर्चीसाठी उतार ही कामं या खर्चात मागता येतात. त्यासाठी तोंडी बोलणं पुरत नाही. अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय लावा.

हे आधी करण्याचं कारण सरळ आहे. जे काम सरकारने करायचं ते लोकवर्गणीतून झालं, की पुढच्या वर्षी कार्यालयात उत्तर मिळतं, 'तुमचं गाव करतं की!' वर्गणी ही सरकारी पैशाची जागा घेण्यासाठी नसावी. सरकारी पैसा जिथे पोहोचत नाही तिथे ती लागावी.

शाळेतून चालत मोजणी

शाळा व्यवस्थापन समितीचे दोन-तीन सदस्य, एक शिक्षक आणि चौथी-पाचवीतली चार मुलं, एवढे जण वही घेऊन शाळेभर फिरा. मुलांना नक्की घ्या. आमच्याकडे मोठ्या माणसांना भिंतीचा रंग दिसला. एका मुलीने सांगितलं की स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही, म्हणून मुली जेवणाच्या सुट्टीत घरी पळतात. तीस रुपयांची कडी होती.

यादी झाली की तिचे दोन भाग करा: एकदाच लागणारं आणि दरमहा लागणारं. टीव्ही संच, टाकी, पुस्तकांचं कपाट हे एकदाच. वीजबिल, इंटरनेट, पाण्याच्या फिल्टरची देखभाल, संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताईंचं मानधन हे दरमहा. लोकांना पहिल्या भागाला द्यायला आवडतं, कारण वस्तू दिसते आणि तिच्यावर नाव घालता येतं. शाळा अडते ती दुसऱ्या भागात. कितीतरी शाळांत देणगीचे संगणक धूळ खात पडलेत, कारण वीजबिल भरायला कुणी देणगी दिली नाही. म्हणून प्रत्येक वस्तूसमोर लिहा की ती चालवायला वर्षाला किती लागतील, आणि तेवढी सोय होत नसेल तर वस्तू घेऊ नका.

प्रत्येक मोठ्या कामाला तालुक्याच्या गावाहून तीन दरपत्रकं आणा. अंदाजाने सांगितलेला आकडा पहिल्याच बैठकीत उघडा पडतो.

नमुन्यादाखल एक हिशेब मांडतो. स्वच्छतागृहाची दुरुस्ती २२ हजार, पाण्याची टाकी आणि नळ १४ हजार, वाचनकोपरा १२ हजार, संध्याकाळच्या वर्गाचं मानधन महिना अडीच हजार धरून आठ महिन्यांचे २० हजार, आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी १२ हजार. बेरीज ८० हजार. आता यातलं रोख नसलं तरी चालेल असं काय? गावातल्या गवंड्याने चार दिवस हात लावला तर मजुरीचे ९ हजार वाचतात. दुकानदाराने सिमेंट आणि फरशी दिली तर ६ हजार. लोकांनी निवडक पुस्तकं दिली तर ४ हजार. म्हणजे रोख लागणार ६१ हजार. त्यातले १० हजार ग्रामपंचायत, १२० घरांतून प्रत्येकी २०० प्रमाणे २४ हजार, २० माजी विद्यार्थ्यांकडून हजार-हजार प्रमाणे २० हजार आणि मुलांच्या मेळाव्यातून ७ हजार. ८० हजार ऐकून बैठक गप्प बसली होती, 'घरटी दोनशे' ऐकल्यावर ती बोलायला लागते.

ठराव, खातं, पावती

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी याच समितीवर आहे. म्हणून वर्गणीचा निर्णय मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा सरपंचांच्या ओसरीवर होऊ देऊ नका. समितीची बैठक बोलवा, निकडीची यादी वाचा, ठराव करा आणि इतिवृत्तात सह्या घ्या. ठरावात काम, अंदाजे खर्च, पैसे कोण गोळा करणार आणि उरलेली रक्कम कुठे जाणार हे चारही लिहा. शेवटचा मुद्दा हमखास राहतो आणि भांडण त्यावरूनच होतं.

त्याच ठरावात आणखी एक ओळ असू द्या: वर्गणी पूर्णपणे ऐच्छिक आहे, प्रवेश, दाखला, निकाल किंवा स्नेहसंमेलनातला सहभाग यांचा तिच्याशी संबंध नाही. हा निव्वळ सभ्यतेचा भाग नाही. प्रवेशासाठी देणगी घेण्यावर कायद्याच्या कलम १३ ने बंदी घातली आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. वर्गात उभं करून 'तुझ्या घरून आले का रे पैसे?' असं एकदा जरी विचारलं गेलं, तरी त्या मुलाच्या मनातून शाळा उतरते. पैशांचा निरोप मुलांच्या हाती पाठवूच नये. मोठ्यांनी मोठ्यांकडे मागावं.

पैसे बँकेतच गेले पाहिजेत. समितीच्या नावाचं खातं, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक या दोघांच्या सह्यांनी चालणारं. सरकारी अनुदान आणि लोकवर्गणी एकत्र होऊ देऊ नका, नाहीतर वर्षाअखेर दोन्ही हिशेब जुळत नाहीत. क्यूआर कोड लावायचा तर तो याच खात्याचा. गुरुजींच्या किंवा उत्साही तरुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर पैसे घेणं सोयीचं वाटतं, पण माणूस कितीही सचोटीचा असला तरी संशयाला जागा राहते, आणि ती झळ त्या भल्या माणसालाच बसते.

पावतीपुस्तकं अनुक्रमांक छापलेली असावीत. कोणतं पुस्तक कुणाकडे दिलं याची नोंद ठेवा आणि रिकामी पुस्तकंही परत घ्या. वीस रुपयांचीही पावती फाडा. वस्तू आली तर तिचीही पावती, आणि ती डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत चढवा. देणगीतल्या पंख्याची नोंद नसली, की गुरुजींची बदली झाल्यावर पंखा होता की नव्हता यावर वाद होतो.

समितीऐवजी गावातलं नोंदणी नसलेलं एखादं तरुण मंडळ वर्गणी गोळा करणार असेल, तर आधी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात विचारा. गणेश मंडळं महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली जी परवानगी घेतात, ती याच कामाची.

मागायचं कसं

ग्रामीण महाराष्ट्रात शाळेला द्यायची सवय जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या वसतिगृहांत मुलं जेवली ती लोकांनी दिलेल्या धान्यावर. घरातली बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची, त्याला मुष्टिफंड म्हणत. अलीकडच्या काळात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत लोकांनी शाळेसाठी जमीन दिली, आणि खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये लोकसहभागासाठी जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली. लोक देतात. त्यांना नेमकं काम दिसावं लागतं.

म्हणून पैसे सगळ्यात शेवटी मागा. आधी हात मागा. गवंडी, रंगारी, वायरमन, सुतार, ट्रॅक्टरवाला यांची यादी करा आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचा एक दिवस मागा. ज्याने शाळेच्या भिंतीला गिलावा केला तो ती भिंत पुढे आपली मानतो, आणि पैसे मागायला तोच तुमच्याबरोबर येतो. मग वस्तू मागा. रोख त्यानंतर.

वेळही बघा. कोरडवाहू गावात जूनमध्ये बियाणं-खताच्या ओढाताणीत वर्गणी मागू नये. सोयाबीन-कापूस विकला गेल्यावर मागावी. यात्रेच्या किंवा सप्ताहाच्या वर्गणीच्या आसपास तर नकोच. उलट यात्रा समितीला विनंती करा की उरलेल्या रकमेतला काही भाग शाळेच्या ठरावीक कामाला द्या. आमच्याकडे सप्ताहाच्या शिल्लकीतून टाकी आली.

घरातले प्रसंगही आहेत. दशक्रियेला किंवा वर्षश्राद्धाला शाळेसाठी देणगी जाहीर करण्याची पद्धत अनेक गावांत रुळली आहे. वाढदिवस, साखरपुडा, निवृत्ती यांतही ती आणता येते. त्यासाठी एक छापील कागद तयार ठेवा: ३०० रुपयांत पाच गोष्टींची पुस्तकं, अडीच हजारांत संध्याकाळच्या वर्गाचा एक महिना, अशा ठोस ओळींचा. कुणाला जेवणच घालायचं असेल तर पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत तिथी भोजनाची सोय आहे. मुख्याध्यापकांशी आधी बोला. रोजच्या आहारात भर म्हणून फळं, उसळ, अंडी असं काही द्या. प्राथमिकच्या मुलाला त्या आहारातून रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायची असतात, आणि गोड बुंदीपेक्षा मटकीची उसळ त्याला जास्त कामाची.

घरोघर जाताना दोघांनी जा, त्यातली एक बाई असू द्या. निकडीची यादी हातात ठेवा. ज्याने 'यंदा जमणार नाही' म्हटलं त्याला दुसऱ्यांदा विचारू नका आणि त्याचं नाव कुठेही बोलू नका. पुढच्या वर्षी तो देईल किंवा देणार नाही, पण त्याचं मूल आपल्या शाळेत रोज येतं.

मुलांचा बाजार

बाल आनंद मेळावा बहुतेक शाळांत होतो. मुलं भाजी, भेळ, ताक, आजीने केलेल्या शेवया घेऊन मैदानात बसतात. यातून मोठी रक्कम उभी राहत नाही, हे आधीच मान्य करा. त्याचा खरा फायदा वेगळा आहे: गाव शाळेच्या आवारात येतं आणि ती गळकी टाकी स्वतःच्या डोळ्यांनी बघतं.

मुलांनी विकलेल्या मालाचे पैसे मुलांच्या घरीच जाऊ द्या. शाळेच्या निधीसाठी समितीचे वेगळे दोन-तीन ठेले लावा: चहा, वडापाव, जुन्या पुस्तकांची विक्री. यांचा माल देणगीत मिळवला तर विक्री बहुतेक सगळी शिल्लक राहते. चूल आणि गरम तेल यांच्याजवळ फक्त मोठी माणसं. तंबाखू-गुटख्याच्या पैशावर छापलेला फलक फुकट मिळाला तरी नको, आणि कुठल्याही पक्षाचाही नको. पुढाऱ्यांनी यावं, भेळ खावी, पावती घ्यावी. सायंकाळी गल्ला दोघांसमोर मोजा, कागदावर सह्या करा आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरा.

कुटुंबांना मदत: इथे आवाज खाली ठेवा

शाळेला पंखा देणं सोपं आहे. वडील गेलेल्या मुलाच्या घरी मदत पोहोचवणं अवघड आहे, आणि माझ्या मते वर्गणीतला हाच भाग सगळ्यात मोलाचा. मूल शाळेतून गळतं ते बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या छोट्या अडचणीपायी. चप्पल नाही, चष्मा नाही, आजारी आईजवळ बसायला दुसरं कुणी नाही.

मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या आमच्यासारख्या गावांत यात ऊसतोड येते. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात ती मार्च-एप्रिलला परततात. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. मागे राहिली तर आजीवर भार पडतो. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना याच मुलांसाठी आहे: मुलं गावात राहतात, त्यांच्या जेवणाची सोय होते आणि काम शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. स्थलांतर होणाऱ्या घरांची यादी सप्टेंबरमध्येच करा आणि प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वेळेत पाठवा. गाडी भरल्यावर यादी करून उपयोग नाही. मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे यांत अंतर पडलं तर मधले आठवडे गावाने सांभाळायचे. तिथे जुना मुष्टिफंड कामाला येतो: घरटी पायलीभर ज्वारी आणि शेरभर डाळ. आमच्याकडे बचतगटाच्या बायकांनी हे दोन बैठकांत जमवलं. आम्हा पुरुषांच्या चार बैठका झाल्या होत्या आणि पोतं भरलं नव्हतं. मूल आई-वडिलांबरोबर जाणारच असेल तर त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

कुटुंब निधीचे नियम थोडे ठेवा. कुणाला द्यायचं हे तिघांनी ठरवावं: एक शिक्षक, एक आई आणि आशाताई किंवा अंगणवाडीताई, कारण घरातली परिस्थिती त्यांना माहीत असते. समितीपुढे फक्त आकडा जावा: 'चार कुटुंबं, ७ हजार २०० रुपये'. नावांचा कागद मुख्याध्यापकांच्या कुलुपात. शक्यतो रोख न देता वस्तू घेऊन द्या किंवा दवाखान्याचं, चष्म्याचं बिल परस्पर भरा. आणि मदत घेणाऱ्या मुलाचा फोटो काढू नका. देणगीदाराने मागितला तरी नाही. वही हातात घेऊन उभं राहिलेलं ते मूल मोठेपणी तो फोटो बघतं. एखाद्या देणगीदाराला हे पटलं नाही तर त्याचे पैसे सोडून द्या. आम्ही एकदा सोडले आहेत, आणि त्याचं दुःख नाही.

मोठी रक्कम, दूरचे लोक

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप दहावीच्या बॅचचा असतो, पहिलीच्या शाळेचा नसतो. जुन्या प्रवेश नोंदवहीतून नावं काढा. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मंडळी दिवाळीत आणि यात्रेला गावी येतात, तेव्हा शाळेतच बोलवा आणि त्यांच्या जुन्या वर्गात बसवा. एकदम मोठी देणगी मागण्यापेक्षा महिना शंभर रुपये मागा. अभ्यासवर्गाच्या ताईंचं मानधन अशाच पैशांतून वर्षभर चालतं.

परदेशातल्यांकडून घेताना थांबा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, त्याची देणगी परकीय अंशदान कायद्यात येते आणि त्यासाठी नोंदणी लागते. गावच्या समितीकडे ती नसते. अशा मित्राला नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत द्यायला सांगा.

कंपनीकडे जायचं तर तिथली रीत समजून घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला तीन पानांपेक्षा मोठं पत्र लिहू नका: शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक), पट, काम, दरपत्रक, समितीचा ठराव आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पत्रात असतं ते बाजूला पडत नाही. केंद्र सरकारच्या विद्यांजली संकेतस्थळावरही शाळेला आपली गरज नोंदवता येते.

देणगीदार प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल विचारतील. तुमच्या समितीला तशी मान्यता नसेल तर पावतीवर '८०जी' चुकूनही छापू नका. मान्यताप्राप्त संस्थेलाही २ हजारांवरची रोख देणगी दिली तर सवलत मिळत नाही, हे त्यांना सांगून ठेवा.

हिशेबाचा फळा

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा काळा फळा रंगवून घ्या. वर जमा, खाली खर्च, शेवटी शिल्लक. दर शनिवारी मोठ्या अक्षरात लिहा. सातवीपर्यंतची शाळा असेल तर ही बेरीज-वजाबाकी मुलांनाच करू द्या. बिलांची फाइल कुणालाही बघता यावी अशी ठेवा. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर पूर्ण हिशेब वाचा, चुकलं असेल तेही वाचा. एका वर्षी आमचा वाचनकोपरा झालाच नाही, कारण कपाटवाल्याने आगाऊ रक्कम घेऊन चार महिने लावले. ते तसंच वाचून दाखवलं. कुणी ओरडलं नाही. एका आजोबांनी उठून स्वतःच्या घरातलं सागवानी कपाट दिलं.

काम संपल्यावर देणगीदारांना आभाराचं पत्र पाठवा, मुलांच्या अक्षरात, दोन ओळींचं. दोनशे देणाऱ्याला आणि वीस हजार देणाऱ्याला सारखंच पत्र. कमानीवर नावं लिहायची असतीलच तर रक्कम लिहू नका, आणि श्रमदान केलेल्यांची नावं आधी घ्या.

समितीची मुदत संपताना नव्या सदस्यांना पासबुक, रोजकीर्द, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तकं, डेडस्टॉकची नोंदवही आणि निकडीच्या यादीतली राहिलेली कामं, एवढं सगळं समोर बसून, सही घेऊन द्या. राहिलेल्या कामांची यादी सर्वांत वर ठेवा.